राजीनाम्याआधीचा हिशेब

नोकरी सोडून पूर्णवेळ ट्रेडिंग करावं का, हा प्रश्न माणसाला बहुधा तेजीतच पडतो. सलग काही महिने खात्यात नफा दिसतो, एखाद्या महिन्यात तो पगाराच्याही वर जातो, आणि मग लोकलची गर्दी, मीटिंगा, साहेबाचा स्वभाव हे सगळं एकदम असह्य वाटायला लागतं. 23 मार्च 2020 ला निफ्टी 7,610 वर बंद झाला होता. ऑक्टोबर 2021 मध्ये तो 18,000 च्या वर होता. त्या दीड वर्षात ज्यांनी पहिल्यांदा डीमॅट खातं उघडलं त्यांनी चढता बाजारच पाहिला. अशा काळात झालेल्या नफ्यातला बाजाराचा वाटा किती आणि स्वतःच्या कौशल्याचा किती, हे त्या माणसाला कळायला मार्गच नसतो, कारण दोन्ही वेगळे करून दाखवणारी मंदी अजून आलेलीच नसते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की, ट्रेडिंगमध्ये नफा होतो की नाही, यावर राजीनाम्याचा निर्णय घेऊ नये. त्या नफ्यातून दर महिन्याला घरखर्च काढायला लागल्यावरही तो नफा होत राहील का, हे पाहावं. दोन्ही प्रश्न वरवर सारखे वाटतात, पण पहिल्याचं उत्तर ‘हो’ असलेल्या बहुतेकांचं दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ निघतं.

सेबीचे आकडे बहुतेकांच्या कानावरून गेलेले असतात, पण ते नीट कुणी वाचत नाही. सप्टेंबर 2024 मधल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात होत्या. सरासरी तोटा माणशी सुमारे 2 लाख रुपये, आणि सगळ्यांचा मिळून 1.8 लाख कोटींच्या वर. पुढच्या वर्षी, म्हणजे 2024-25 मध्येही, तोट्यात गेलेल्यांचं प्रमाण 91 टक्के होतंच. पण राजीनामा लिहायला बसलेल्यानं यातला वेगळाच आकडा पाहावा. त्या तीन वर्षांत सगळा खर्च वजा जाता एक लाखापेक्षा जास्त नफा कमावणारे जेमतेम 1 टक्का होते. तीन वर्षांत लाखभर म्हणजे महिन्याला तीन हजारही पडत नाहीत. नफ्यात असणं आणि पोट भरण्याइतकं कमावणं यांत किती अंतर आहे, ते या एका आकड्यातून कळतं.

यावर लगेच उत्तर येतं की, ही गर्दी टिप्सवर चालणाऱ्यांची आहे, आम्ही अभ्यास करून उतरलोय. हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याची तपासणीही झालेली आहे. ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2013 ते 2015 दरम्यान तिथल्या निर्देशांकाच्या फ्युचर्समध्ये डे-ट्रेडिंग सुरू करणाऱ्यांचा मागोवा घेतला. महिनाभरात कंटाळून गेलेल्यांना त्यांनी बाजूला ठेवलं आणि 300 हून जास्त दिवस चिकाटीनं टिकलेल्यांकडे पाहिलं. त्यांच्यातलेही 97 टक्के तोट्यातच होते, आणि देशाच्या किमान वेतनापेक्षा जास्त कमावणारे होते 1.1 टक्का. तैवानमधल्या डे-ट्रेडर्सच्या दीर्घ अभ्यासातही, खर्च वजा जाता सातत्यानं नफा काढणारे एक टक्क्याच्या आतच सापडले. म्हणजे काही जणांना हे जमतं, यात शंका नाही. मात्र अनुभवानं ते सगळ्यांना जमत जातं, ही समजूत आकड्यांवर टिकत नाही. आपल्या बाजारात समोरच्या बाजूला कोण बसलंय तेही लक्षात घ्यायला हवं. 2023-24 मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सचा मोठा नफा प्रोप्रायटरी ट्रेडर आणि परदेशी संस्था यांच्याकडे गेला, आणि त्यातला जवळजवळ सगळा संगणकी अल्गोरिदमनं कमावलेला होता.

आता पगाराचं काम काय असतं ते पाहू. नोकरी करत ट्रेडिंग करणारा माणूस पगाराला ट्रेडिंगमधला अडथळा समजतो, पण त्याच्या नफ्यात पगाराचा मोठा हात असतो. महिना तोट्यात गेला तरी घराचा हप्ता, किराणा, मुलांची फी पगारातून जाते. भांडवलाला कुणी हात लावत नाही, म्हणून त्याला भरून यायला वेळ मिळतो. समजा भांडवल 20 लाख आहे आणि घराला महिन्याला 50,000 लागतात. वर्षाचे झाले 6 लाख, म्हणजे भांडवलाच्या 30 टक्के, तेही कर भरण्याआधी. निफ्टीनं दीर्घ मुदतीत लाभांश धरून वर्षाला बारा ते चौदा टक्क्यांच्या आसपास परतावा दिलाय. थोडक्यात, बाजाराच्या दुपटीहून जास्त कमाई दरवर्षी झाली तर भांडवल फक्त जागच्या जागी राहील. महागाईचा तर अजून विचारच केलेला नाही. आता पहिल्याच वर्षी 15 टक्के तोटा झाला असं धरा. 3 लाख तोट्यात गेले, 6 लाख घरात गेले, उरले 11 लाख. दुसऱ्या वर्षी त्याच घरखर्चासाठी आता 54 टक्क्यांहून जास्त परतावा हवा. तोच तोटा नोकरीवाल्याला झाला असता तर त्याच्याकडे 17 लाख उरले असते, आणि मूळ आकड्यावर यायला त्याला साधारण 18 टक्के पुरले असते. सौदे तेच, चुका त्याच, तरी एक सावरतो आणि दुसऱ्याचं भांडवल दोन वर्षांत संपत येतं.

याहून घातक परिणाम निर्णयांवर होतो. महिन्याच्या 5 तारखेला हप्ता जायचाय आणि खात्यात नफा नाही, अशा वेळी माणूस स्टॉपलॉस थोडा खाली सरकवतो, एका लॉटच्या जागी दोन घेतो, नसलेली संधी ओढूनताणून शोधतो. ज्या पद्धतीनं त्यानं नोकरीत असताना नफा काढला होता ती पद्धत तो आता वापरतच नसतो, कारण त्या पद्धतीत ‘आज काहीच करायचं नाही’ हाही एक निर्णय होता आणि तो परवडत होता. म्हणून नोकरीतल्या काळातला ट्रॅक रेकॉर्ड मला पूर्णवेळासाठी अपुरा पुरावा वाटतो. तो खोटा नसतो, पण वेगळ्या परिस्थितीतला असतो.

त्या रेकॉर्डमध्ये आणखी एक खाच असते. ऑप्शन विकून प्रीमियम खाणाऱ्यांचा आलेख महिनोन्‌महिने शांतपणे वर जातो, आणि त्याच आलेखावर सर्वांत जास्त राजीनामे दिले जात असावेत असं मला वाटतं. 3 जून 2024 ला एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त चढून 23,263.90 वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी लोकसभेचे निकाल लागले आणि तो 21,884.50 वर आला, एका दिवसात जवळपास सहा टक्के खाली. अशा दिवशी पुट विकून बसलेल्याचं वर्षभराचं प्रीमियम काही तासांत धुऊन निघू शकतं. मार्जिन कमी पडलं की ब्रोकर पोझिशन कापून टाकतो, नंतर बाजार सावरेल याची वाट पाहायची मुभाही राहत नाही. दुसऱ्याच दिवशी बाजार बराच सावरला, पण तोवर ज्याची पोझिशन कापली गेली होती त्याला त्याचा काय उपयोग? ज्याच्या रेकॉर्डमध्ये असा एकही दिवस नाही, त्याचा रेकॉर्ड अजून पुरा झालेला नाही.

खर्चाकडेही लोक कानाडोळा करतात, म्हणून काँट्रॅक्ट नोट एकदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. ब्रोकरेज, त्यावर 18 टक्के जीएसटी, एसटीटी, एक्सचेंजचं शुल्क, सेबीचं शुल्क, स्टँप ड्युटी. नुसतं ब्रोकरेज धरा: ऑर्डरमागे 20 रुपये, दिवसाला चार सौदे म्हणजे घेणं-विकणं मिळून आठ ऑर्डर, झाले 160 रुपये, जीएसटीसह 188.80. वर्षात 240 दिवस असं केलं तर 45,312 रुपये. भांडवल 3 लाख असेल तर बाजाराचा अंदाज बरोबर येवो की चूक, 15 टक्के आधीच गेले, आणि एसटीटी अजून धरलेला नाही.

‘नोकरीमुळे स्क्रीनसमोर बसता येत नाही, पूर्ण वेळ दिला तर कामगिरी सुधारेल,’ हा दुसरा नेहमीचा युक्तिवाद. सव्वानऊ ते साडेतीन हाच ऑफिसचाही वेळ, हे खरं. पण सेबीनं जुलै 2024 मध्ये शेअर्सच्या इंट्राडे व्यवहारांचा जो अभ्यास दिला त्यात 2022-23 साली दहातले सात जण तोट्यात होते, आणि वर्षाला 500 हून जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण 80 टक्के होतं. जास्त सौद्यांमुळेच तोटा झाला असं यावरून सिद्ध होत नाही. तोटा भरून काढायच्या नादातही सौदे वाढतात. पण वेळ वाढला की नफा वाढतो, याला तर यात कुठेच आधार नाही. आणि ज्याची पद्धत चालण्यासाठी दिवसभर स्क्रीनसमोर बसावंच लागतं, त्यानं आधी दिवसअखेरच्या भावांवर चालणारी, काही आठवडे पोझिशन ठेवणारी पद्धत नोकरी सांभाळून करून पाहावी.

मराठी घरांत एक वेगळाच मुद्दा निघतो: आपला माणूस नोकरीला चिकटून राहतो, धाडस करत नाही, म्हणून मागे पडतो. मला ही टीका मनापासून पटते, पण ती इथे लागू होत नाही. दुकान, कारखाना किंवा क्लास काढणाऱ्याकडे पाच वर्षांनी गिऱ्हाईक असतं, नाव असतं, विकता येईल असा धंदा असतो. ट्रेडरकडे भांडवलाखेरीज असं काही साठत नाही. धाडस करायचंच असेल तर जिथे कष्ट साठत जातात तिथे करावं, असं मी तरुणांना आवर्जून सांगेन. पूर्णवेळ ट्रेडर म्हणून मिरवणाऱ्या काहींचं उत्पन्न सौद्यांतून येतं की शिकवणीच्या फीमधून, हेही विचारून घ्यावं. जानेवारी 2025 मध्ये, केवळ शिक्षण देणाऱ्यांनी मागच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरू नयेत असं सेबीनं बजावलं होतं, ते उगाच नव्हे.

मग ज्याला खरंच जायचंय त्यानं काय करावं? नोकरीत राहूनच नोकरी सुटल्यासारखं जगून पाहावं. पगार आला की तो पूर्ण वेगळ्या खात्यात टाकायचा, त्याला हात लावायचा नाही, आणि घर फक्त ट्रेडिंग खात्यातून काढलेल्या पैशांवर चालवायचं. निदान दोन वर्षं, आणि त्यात एक तरी खरी घसरण येऊन गेली पाहिजे. काढायच्या रकमेत पीएफमधला मालकाचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि मेडिक्लेमचा हप्ताही धरायचा, कारण पुढे ते आपल्यालाच भरायचेत. या कसोटीत भांडवल टिकलं तर माझा विरोध मावळतो, आणि न टिकलं तर दोन वर्षांचा पगार शाबूत राहतो. शिवाय घरातल्यांनाही अनियमित पैशांवर जगणं कसं असतं ते राजीनाम्याआधीच कळतं, आणि त्यांचं मत मग ऐकीव भीतीवर नसतं.

काही कामं मात्र नोकरी असतानाच उरकावीत. गृहकर्ज घ्यायचं असेल तर पगाराची स्लिप हातात असताना घ्यावं. नंतर बँक काही वर्षांची विवरणपत्रं मागते आणि चढउतार पाहून कां-कूं करते. स्वतःची आरोग्य विमा पॉलिसी आधीच काढावी, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ असू शकतो, आणि तो कंपनीच्या विम्याच्या छत्राखाली सरलेला बरा. दीड-दोन वर्षांचा घरखर्च ट्रेडिंगच्या भांडवलाबाहेर, मुदत ठेवीत असावा.

आणि परतीचा आकडाही आधीच ठरवावा. भांडवल किती उरलं की पुन्हा नोकरीसाठी अर्ज करायचे, ते राजीनाम्याच्या आधी कागदावर लिहून जोडीदाराकडे द्यावं. तो आकडा गाठला की निर्णय ट्रेडरचा राहू नये. बायोडेटातली एका वर्षाची पोकळी मुलाखतीत समजावून सांगता येते. चार वर्षांची सांगणं फार कठीण जातं, विशेषतः आयटीसारख्या क्षेत्रात, जिथे तोवर हातातलं कामच जुनं झालेलं असतं.