बांधकाम मजुराची उमेद आणि मालकाची पाच कर्तव्ये

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात कारखान्यांच्या पाठोपाठ उंच इमारती उभ्या राहिल्या. त्या उभारणाऱ्या गवंडी, बिगारी, सेंट्रिंग कामगारांविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते : ‘मजुराला कामाची गोडी उरलेली नाही.’ या तक्रारीचा आपण धम्माच्या प्रकाशात विचार करू.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी कामगाराप्रती मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीनुसार काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, विशेष पदार्थ वाटून खाणे आणि वेळोवेळी रजा देणे. कामगाराची कर्तव्ये त्यानंतर येतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. कामातील निष्ठा हा मिळालेल्या न्यायाला दिलेला प्रतिसाद आहे.

प्रत्यक्षात काय दिसते? पहिले, बिगारी वर्षानुवर्षे बिगारीच राहतो. त्याला गवंडीकाम शिकवण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. दुसरे, बिल्डर आणि मजूर यांच्यामध्ये ठेकेदार, पोटठेकेदार, मुकादम अशी उतरंड असते. उचल घेतलेल्याचा हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो; चांगल्या कामाने मजुरी वाढत नाही. तिसरे, नाक्यावरचा मजूर जखमी झाला, तर उद्या त्याच्या जागी दुसरा उभा असतो.

चौथे कर्तव्य समृद्धीतील वाट्याचे आहे. बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकरातून राज्याचे इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ शिष्यवृत्ती व आरोग्याच्या योजना चालवते. नोंदणीसाठी वय 18 ते 60 आणि मागील वर्षभरात किमान 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ज्याचा मालक रोज बदलतो, त्याच्या दाखल्यावर सही कोणी करायची? एका सहीअभावी मुलाची शिष्यवृत्ती अडते.

पाचवे, विश्रांती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेल्या विधेयकातून 1946 साली कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. बांधकाम कामगारांसाठीच्या 1996 च्या कायद्याने जादा कामाला दुप्पट दर ठरवला. तरीही स्लॅबच्या दिवशी काम रात्रीपर्यंत लांबते आणि एका खाड्याची मजुरी मात्र हमखास कापली जाते.

अशा स्थितीत मजुराला आळशी म्हणणे हा अन्याय आहे. भाषणाने उमेद येत नाही. वाटेतील अडथळे दूर केले की ती आपोआप जागी होते.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज अभियंते, पर्यवेक्षक, ठेकेदार आहेत. त्यांना आमची विनंती आहे : आठवड्याची मजुरी ठरल्या दिवशी मजुराच्याच हाती द्या, एका तरी बिगाऱ्याच्या हाती थापी द्या आणि 90 दिवसांच्या दाखल्यावर सही करताना त्याला ताटकळत ठेवू नका. पालकांनीही आपली हजेरी स्वतःच्या वहीत मांडून ठेवावी. मुलांनी ती लिहून द्यावी. शिक्षणाचा तो पहिला उपयोग ठरेल.