ऑर्डर कॉम्प्युटरवर घ्यायची, तर खर्च किती?

बीड जिल्ह्यात नांदूरघाट, केज या पट्ट्यात दहा-पंधरा खाटांचं रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरांना सॉफ्टवेअर विकणारे महिन्याचा एकच आकडा सांगतात. पण यंत्रं, इन्व्हर्टर, इंटरनेट, कर आणि सुरुवातीचा जादा माणूस यांचा खर्च त्या आकड्याहून बराच जास्त भरतो. म्हणून आधी हा हिशेब पाहा, मग सही करा.

ऑर्डर कॉम्प्युटरवर घेण्याची व्यवस्था म्हणजे डॉक्टरांनी औषध, सलाइन, तपासणी यांची ऑर्डर स्वतः संगणकावर नोंदवायची. आज काय होतं? डॉक्टर राउंडला तोंडी सांगतात, सिस्टर ट्रीटमेंट शीटवर उतरवून घेते, त्यावरून मेडिकलची चिठ्ठी बनते आणि ती घेऊन नातेवाईक धावतो. दर टप्प्यावर चूक शिरायला जागा आहे. लहान मुलांचं पॅरासिटामॉलचं सिरप घ्या. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेलं मिळतं, २५० असलेलंही मिळतं. चिठ्ठीवर नुसतं ‘५ मिली’ लिहिलं आणि मेडिकलवाल्याने दुसरी बाटली दिली, तर मुलाला दुप्पट डोस जातो. संगणकावर वजन आणि औषधाची ताकद भरल्याशिवाय ऑर्डर पुढेच जाऊ द्यायची नाही, अशी सोय करता येते. अमेरिकेत बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात ही पद्धत आणल्यावर औषधांच्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्या, असं १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

आता हिशेब. पंधरा खाटा आणि रोज ३० बाह्यरुग्ण धरू. पुढचे आकडे अंदाजाचे आहेत, बीड किंवा लातूरच्या दुकानातलं कोटेशन हाती आलं की ते बदला. दोन डेस्कटॉप ८० हजार, लेझर प्रिंटर १५ हजार, बॅटरीसह इन्व्हर्टर २५ हजार, वायरिंग आणि राउटर १० हजार. यंत्रांचे झाले १ लाख ३० हजार. सॉफ्टवेअर महिना ३ हजारांचं धरलं तर वर्षाचे ३६ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४२ हजार ४८०. रुग्णसेवेवर जीएसटी नसल्यामुळे रुग्णालयाला हा कर वळता करून घेता येत नाही. विक्रेता ‘अधिक कर’ असं बारीक अक्षरात लिहितो, तो सगळा तुमच्याच खिशातून जातो. इंटरनेटचे वर्षाला १० हजार. सुरुवातीचे दोन महिने नोंदी भरायला एक जादा माणूस, त्याचे २४ हजार. पहिल्या वर्षी एकूण साधारण २ लाख ६ हजार. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले तर ९ हजार बाह्यरुग्ण होतात, दर रुग्णामागे २३ रुपये पडतात. दुसऱ्या वर्षापासून दुरुस्ती धरून ६० हजारांच्या आसपास, म्हणजे रुग्णामागे सहा-सात रुपये.

हे परवडण्यासारखं आहे. न परवडणारी गोष्ट वेगळी आहे: डॉक्टर स्वतः ऑर्डर नोंदवणार नाहीत आणि सिस्टर कागदावरून संगणकात उतरवत बसेल, तर जुनी चूक तशीच राहते आणि सिस्टरचं काम दुप्पट होतं. अशा रुग्णालयाने हे सॉफ्टवेअर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी छापील औषधयादी आणि ठळक अक्षरातली ट्रीटमेंट शीट करून घ्यावी. छपाईला काही हजार लागतील आणि रुग्णाचं भलं जास्त होईल.

घाईचा धोकाही खरा आहे. पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात ही यंत्रणा काही दिवसांत लागू केली. दुसऱ्या रुग्णालयांतून हलवून आणलेल्या मुलांमधला मृत्युदर त्यानंतर २.८ वरून ६.५७ टक्क्यांवर गेला, अशी नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली. रुग्ण दाखल होऊन नोंद झाल्याशिवाय ऑर्डर टाकता येत नव्हती आणि औषध पोचायला उशीर होत होता. आपल्याकडे सर्पदंश, विषबाधा, अडलेली बाळंतीण अशा रुग्णांसाठी आधी उपचार, मग नोंद, हा नियम भिंतीवर लावा. वीज गेल्यावर किंवा नेट बंद पडल्यावर काम चालेल का, हे विक्रेत्याकडून तुमच्याच रुग्णालयात करून दाखवून घ्या.

करारात एक कलम हवंच: संबंध तुटला तर सगळी माहिती वाचता येईल अशा फाइलमध्ये परत मिळेल. २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतली संगणक यंत्रणा कंपनीशी बिलाचा वाद होऊन थांबली आणि केस पेपर पुन्हा हाताने लिहिण्याची वेळ आली. मोठ्या सरकारी रुग्णालयांवर ही पाळी येते, तर पंधरा खाटांच्या रुग्णालयाची काय कथा.

फुकटचे पर्यायही आहेत. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयात वापरली गेलेली ‘बाह्मनी’ ही प्रणाली परवाना-शुल्काशिवाय मिळते. बसवणाऱ्याचे आणि देखभालीचे पैसे मात्र द्यावे लागतात. सरकारी मदतीचं म्हणाल तर, केंद्राच्या डिजिटल आरोग्य प्रोत्साहन योजनेत रुग्णालयाला ठरावीक संख्येवरच्या प्रत्येक डिजिटल नोंदीमागे २० रुपये ठेवले होते. ती मर्यादा खाटेमागे महिना ५०, म्हणजे पंधरा खाटांना ७५०. रोज ३० रुग्ण आणि पंचवीस दिवस धरले तर ७५०च होतात, हाती शून्य. विक्रेता हे पैसे नफ्यात दाखवत असेल, तर ती ओळ खोडून मगच बेरीज करा.

आता रुग्णांसाठी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळे संगणकाच्या नावाने तिथे पैसे द्यायचा प्रश्न नाही. खाजगीत दरपत्रक लावणं बंधनकारक आहे. त्यात नसलेलं ‘संगणक शुल्क’ बिलात दिसलं तर जाब विचारा. आरोग्याच्या नोंदी जोडणारा केंद्राचा चौदा अंकी आभा क्रमांक मोफत आहे आणि ऐच्छिक आहे. ऊसतोडीला सहा महिने कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांना तो खरा उपयोगी पडेल, कारण बीपीची गोळी कोणती चालू आहे हे फडावरच्या डॉक्टरला कळायला हवं. त्यासाठी दोन्हीकडचा दवाखाना आभाच्या व्यवस्थेला जोडलेला पाहिजे. तोवर छापील चिठ्ठी जपून सोबत न्या.

बीडमध्ये संगणकावरच्या नोंदीचं मोल आणखी एका कारणाने आहे. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. शस्त्रक्रिया कुणी सांगितली, कोणत्या निदानावर, आधी कोणता उपचार करून पाहिला, हे ऑर्डरसोबत तारीख-वेळेसह नोंदलं गेलं असतं, तर बायांच्या हातात विचारायला आधार राहिला असता. म्हणून सॉफ्टवेअर घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला विनंती: ‘निदान’ हा रकाना रिकामा ठेवून ऑर्डर जाऊ देऊ नका.

आणि रुग्णांनी, संगणक असो वा नसो, आपले कागद मागावेत. लेखी अर्ज दिल्यावर ७२ तासांत नोंदींची प्रत देणं डॉक्टरांवर नियमाने बंधनकारक आहे.