खिडकीची मूठ बदलूया : मापन आणि तरफ

(इयत्ता ४ थी व ५ वी)

लाकडी खिडकीची मूठ सैल झाली की ती ओढताना हातात येते आणि मूल मागे पडू शकतं. खिडकी नीट लागली नाही तर वाऱ्याने आपटून काच फुटते. म्हणून पावसाळ्याआधी ही दुरुस्ती मुलांना सोबत घेऊन करा.

साहित्य : नवी मूठ, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, पेचकस, पट्टी, आगपेटीतल्या काड्या, फेविकॉल.

कृती :
१. जुन्या मुठीच्या दोन छिद्रांमधलं अंतर मुलाला मोजायला सांगा. एका छिद्राच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत, मिलिमीटरमध्ये. नुसती मुठीची लांबी सांगून आणलेली मूठ जुन्या छिद्रांवर बसेलच असं नाही.
२. स्क्रू डावीकडे फिरवून काढा.
३. लाकडातलं छिद्र मोठं झालं असेल तर गूल काढलेल्या काड्या फेविकॉल लावून त्यात घट्ट बसवा. एक दिवस वाळू द्या. वर आलेली टोकं कापा.
४. नवी मूठ ठेवून सगळे स्क्रू आधी अर्धे बसवा, मग उजवीकडे फिरवून घट्ट करा.

विचार करा : मूठ बिजागरीपासून लांब का असते? खिडकी आधी बिजागरीजवळ एका बोटाने ढकला, मग मुठीजवळ ढकला. कुठे कमी जोर लागला? मुलं उत्तर स्वतःच सांगतील. तरफ समजावायला मग फार बोलावं लागत नाही.

पालकांसाठी : मोजणं, काड्या भरणं मुलांकडे, पेचकस मोठ्यांकडे. ग्रील नसलेल्या खिडकीजवळ मुलांना उभं करू नका.