अल्प खर्चात मंडळीचे संकेतस्थळ

चर्चचे संकेतस्थळ म्हटले की मुंबई-पुण्याची मोठी चर्चे आणि त्यांची रंगीबेरंगी पाने डोळ्यांपुढे येतात. तीस-चाळीस घरांच्या मंडळीला ते परवडायचे नाही असे म्हणून आपण विषय तेथेच सोडतो. प्रस्तुत लेखात मला वेगळे म्हणणे मांडावयाचे आहे. पैसा ही ह्या कामातली लहान अडचण आहे. संकेतस्थळाची मालकी कोणाकडे आणि त्याची देखभाल कोण करणार, हा मोठा प्रश्न आहे.

गेल्या वर्षी माळशिरस तालुक्यातील अशाच एका लहान मंडळीचे संकेतस्थळ मी तयार केले. मी कला शाखेचा विद्यार्थी. संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. मला जमले ते कोणालाही जमेल, म्हणूनच हा खटाटोप.

अक्षरांची किंमत

आपला शब्द चार लोकांपर्यंत पोहोचवायचा तर खर्च किती, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजाला चारशे वर्षांपासून पडत आला आहे. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. भाषा मराठी, रचना ओवीबद्ध, पण लिपी मात्र रोमन! १६०८ साली रोमला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्सनी देशी लिपीत पुस्तक छापण्याची इच्छा कळवली होती. जोडाक्षरे व काना-मात्रा धरून सहाशे साचे लागतील, ते दोनशेवर आणता येतील, असा हिशेबही त्यांनी दिला होता. ते साचे काही झाले नाहीत. अक्षरे महाग पडली म्हणून मराठी ग्रंथाला परक्या लिपीचा अंगरखा चढवावा लागला.

पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात देवनागरी खिळे तयार होऊ लागले. निर्णयसागरचे संस्थापक जावजी दादाजी तेथेच ही विद्या शिकले. १८४२ साली अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथून ‘ज्ञानोदय’ निघू लागले. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावला त्यांनी मुक्ती मिशनमध्ये स्वतःचा छापखाना घातला. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत केलेले आपले बायबल त्यांनी तेथेच छापायला घेतले. खिळे जुळविण्याचे काम आश्रमातील स्त्रिया व मुली करीत. १९२२ साली रमाबाई वारल्या, तरी काम थांबले नाही. १९२४ साली संपूर्ण बायबल बाहेर पडले. विद्या स्वतःच्या माणसांना शिकविली होती, म्हणून चालविणारी व्यक्ती गेल्यावरही ते पुरे झाले. माझ्या मते लहान संस्थेने हाच धडा घ्यावा.

आजचा हिशेब

स्टीफन्सना जे साचे मिळाले नाहीत ते आज फुकट मिळतात. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे. मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा गुगलचा ‘नोटो’ फाँट कोणीही विनामूल्य वापरावा. संकेतस्थळांचे मूळ तंत्र सर्न ह्या युरोपीय संशोधनसंस्थेने १९९३ साली सर्वांसाठी खुले केले. त्यावर कोणाला मानधन द्यावे लागत नाही.

मग खर्च कशाचा? पहिला नावाचा. संकेतस्थळाचे नाव दरवर्षी भाडे भरून राखावे लागते. साध्या नावाला वर्षाकाठी हजार रुपयांच्या आसपास पडतात. दुसरा खर्च जागेचा. विक्री, नोंदणी वगैरे काही नसून नुसती वाचायची पाने असतील, तर गिटहब पेजेससारख्या सेवा ती विनामूल्य ठेवतात. आमची पाने सहाच आहेत. ती मी साध्या एचटीएमएलमध्ये लिहिली. वर्डप्रेस घेतले असते तर पाने बदलणे सोपे गेले असते, पण जागेचे भाडे आणि वरचेवरची डागडुजी मागे लागली असती.

किल्ली कोणाची?

ह्या मंडळीचे हे दुसरे संकेतस्थळ. पहिले शहरातील एका व्यावसायिकाकडून आठ हजार रुपयांत करून घेतले होते. हंगामाच्या उपकारस्तुतीला जमलेल्या दानातून ते पैसे दिले होते. ऊसतोडीला जाणाऱ्या आणि दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या माणसांचे ते दान. दोन वर्षांनी नावाची मुदत संपली. नाव त्या गृहस्थांच्या खात्यावर, पासवर्डही त्यांच्याजवळच, आणि त्यांचा फोन लागेना. सगळा मजकूर गेला. त्यात मंडळीच्या एका जुन्या पाळकांनी हाताने लिहिलेला मंडळीचा इतिहासही होता. सुदैवाने मूळ वही एका घरात ट्रंकेत जपलेली होती.

म्हणून ह्या वेळी पहिला नियम केला की नाव मंडळीच्या ईमेलवर व मंडळीच्याच पैशाने घ्यायचे. पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून खजिनदारांच्या कपाटात ठेवायचा. सगळ्या पानांची प्रत पेनड्राइव्हवर चिटणिसांकडे ठेवायची. शिवाय मंडळीतील दोन अकरावीच्या मुलींना मी पाने बदलायला शिकविले.

आमच्या नातेपुत्याला ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो. सप्ताहात वीणा कधी खाली ठेवीत नाहीत हे येथे लहान मुलालाही ठाऊक असते. पहाऱ्याची वेळ संपली की एकाच्या गळ्यातील वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मला संकेतस्थळाची व्यवस्था तशीच वाटते. उद्या मी पदवीनंतर परगावी गेलो तर काम अडता कामा नये.

काय लिहावे?

उपासनेची वेळ, चर्चला येण्याची वाट, मंडळीचा इतिहास, गीते, प्रवचने आणि सणांचे कार्यक्रम एवढे पुरे होते. पाळकसाहेबांची जुनी प्रवचने डीटीपीच्या फाँटात होती. तसा मजकूर जशाचा तसा चिकटविला तर अगम्य चिन्हे उमटतात, कारण त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असतात. तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. प्रवचनाचा फोटो काढून लावणे सोपे, पण तो शोधात सापडत नाही आणि अंधांसाठीचे वाचनयंत्रही तो वाचू शकत नाही.

फोटोंचा मोह आवरावा. देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. त्या हिशेबाने हजार शब्दांचे प्रवचन साधारण वीस किलोबाइटचे होते. मोबाइलवर काढलेला एक फोटो सहज तीन मेगाबाइटचा, म्हणजे दीडशे प्रवचनांएवढा! वाडी-वस्तीवर जेथे रेंज जेमतेम येते, तेथे ह्याला फार महत्त्व आहे.

गीते घेताना हक्कांचा विचार हवा. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले. त्यांची मूळ गीते आज सर्वांची आहेत. हयात कवींची गीते आणि सध्याचे प्रचलित बायबल ह्यांसाठी मात्र परवानगी घ्यावी.

काय लिहू नये?

ह्याच मुद्द्यावर आमच्यात सर्वांत जास्त बोलणे झाले. प्रार्थनेच्या विनंत्या संकेतस्थळावर घालाव्यात, अशी काहींची सूचना होती. तेव्हा एक आजी म्हणाल्या, “पोरा, माझं दुखणं मी देवाला अन् मंडळीला सांगितलंय. साऱ्या जगाला कशापायी?” ह्यावर कोणी काही बोलले नाही. आजार, कर्ज, घरातील भांडणे आणि बाप्तिस्मा घेणाऱ्यांची नावे ह्यांपैकी काहीही न घालण्याचे ठरले. लहान गावात नाव उघड झाले की त्याचे परिणाम त्या माणसालाच सोसावे लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संमतीवर आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीवर भर दिला आहे. पण कायदा नसता तरी आजींचे म्हणणे खरेच होते.

तसेच, संकेतस्थळ झाले म्हणून चर्चच्या दारावरचा फळा काढलेला नाही. ज्यांच्याकडे साधा फोनही नाही त्यांचे वर्तमानपत्र तोच फळा आहे.

सारांश, वर्षाला हजारभर रुपये, सहा पाने, दोन शिकलेल्या मुली आणि कपाटातले एक पाकीट, एवढ्या भांडवलावर हे काम चालते. मंदिर असो, मशीद असो, विहार असो की वाचनालय, हिशेब हाच राहील. आपल्या महाविद्यालयात निरनिराळ्या गावांहून विद्यार्थी येतात. प्रत्येकाने आपल्या गावच्या एका लहान संस्थेची ट्रंकेतली वही शुद्ध मराठीत टंकून ठेवली, तरी तालुक्याचा केवढा इतिहास वाचेल! ज्यांना हे शिकायचे असेल त्यांनी मधल्या सुट्टीत मला ग्रंथालयात अवश्य भेटावे.