घर विकले, हमीचे काय?

मुलांनो, समजा, तुमच्या अब्बांनी हिंगोलीत एक जुने घर विकत घेतले. दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत झाले, किल्ल्या मिळाल्या. पहिल्याच पावसात छत गळू लागले! शेजारचे चाचा म्हणाले, "अहो, दोन वर्षांपूर्वीच गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाले. पाच वर्षांची हमी आहे." पण हमीपत्र कोठे आहे? जुन्या मालकाच्या कपाटात! त्यावर नावही त्यांचेच.

हमी भिंतीला चिकटलेली नसते. काम करणाऱ्याने पैसे देणाऱ्याला दिलेले ते वचन असते. काही हमीपत्रांवर 'मालक बदलल्यास हमी संपेल' असे अगदी बारीक अक्षरांत छापलेले असते. (महत्त्वाचेच अक्षर बारीक का, कोण जाणे!) म्हणून व्यवहारापूर्वीच मूळ पावती व हमीपत्र मागावे. काम करणाऱ्याकडून नव्या मालकाच्या नावाची लेखी नोंद करून घ्यावी. घर विकल्याने मुदत पुन्हा सुरू होत नाही; अब्बांच्या वाट्याला तीनच वर्षे उरली.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही ग्राहक असतो. ही संमती खरेदीखतातच लिहून घेतलेली बरी. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तेथे जाताना पावती मात्र हवी.