जुना फ्रिज घेताना

१९८७ साली रमजान मे महिन्यात आला होता. मालेगावचा उन्हाळा तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. दुपारी यंत्रमागांच्या शेडचे पत्रे तापत आणि माठातले पाणीही कोमट लागे. रोजा सोडताना घरात थंड पाणी असावे, असे अब्बांना त्या वर्षी फार वाटले. नवा फ्रिज घेण्याइतके पैसे नव्हते. म्हणून ते एका दुकानातून जुना फ्रिज घेऊन आले. दुकानदाराने त्याला ताजा रंग दिला होता. तो अगदी नव्यासारखा चमकत होता.

फ्रिज चालला. बर्फही जमला. गल्लीतली मुले वाडगी घेऊन बर्फ मागायला येऊ लागली. पण दुसऱ्याच दिवशी अम्मीने फ्रिजचे दार उघडले आणि झटकन हात मागे घेतला. तिच्या हाताला झिणझिण्या आल्या होत्या. अब्बा दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "जुन्या मालात एवढे चालायचेच. पायात चप्पल घालून दार उघडा." त्या दिवसापासून फ्रिजजवळ रबरी चपलांचा एक जोड कायमचा येऊन बसला.

मुलांनो, त्या चपलांची गोष्ट मी पुढे सांगणार आहे. आधी आपण बाजारात जाऊ. तुमच्या घरी जुनी वस्तू घ्यायची ठरली, तर तुम्हीही सोबत जा. दुकानाची पाटी, हमीचा कागद आणि पावती वाचण्याचे काम तुम्हालाच जमेल. बाजाराची मराठी तुम्हाला मुळीच परकी वाटणार नाही. बाजार, दुकान, किंमत, हिशेब, खर्च हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. तुम्ही घरी 'रसीद' म्हणता, तिला मराठीत 'पावती' म्हणतात, एवढेच.

जुना माल दोन प्रकारचा असतो. एक, जसा आला तसा विकलेला. दुसरा, तपासून, बिघडलेले भाग बदलून विकलेला. या दुसऱ्या प्रकाराला हल्ली 'रिफर्बिश्ड' म्हणतात. पण नुसता रंग लावलेला फ्रिजही याच नावाने विकला जातो. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा, "यात कोणता भाग बदलला आहे? पावतीवर लिहून द्याल का?" या प्रश्नावर जो दुकानदार हसून विषय बदलतो, त्याच्याकडे मी तरी थांबणार नाही.

आता फ्रिज कसा चालतो, ते थोडे समजून घ्या. फ्रिज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो. त्याच्या मागे खालच्या बाजूला एक काळा लोखंडी डबा असतो. तो कॉम्प्रेसर. तो वायू दाबतो. दाबलेला वायू तापतो आणि मागच्या नळ्यांतून जाताना आपली उष्णता खोलीत सोडून द्रव होतो. हा द्रव एका बारीक नळीतून पुढे गेला, की त्याचा दाब उतरतो. मग त्याचा पुन्हा वायू होतो आणि तो आतली उष्णता शोषून घेतो.

एवढे कळले, की काय पाहायचे तेही कळते. तुम्ही येईपर्यंत फ्रिज बंद ठेवायला दुकानदाराला आधीच सांगा. तो तुमच्यासमोर चालू झाला पाहिजे. सुरुवातीला हलकी घरघर ऐकू येईल, ती ठीक आहे. पण 'टक्' असा आवाज करून तो पुन्हा पुन्हा बंद पडत असेल, तर कॉम्प्रेसर थकला आहे किंवा त्याचा चालू करणारा भाग खराब आहे. तासभर थांबा. चहा मिळाला तर प्या, पण निघू नका. तेवढ्या वेळात फ्रीजर चांगला गार झाला पाहिजे. फ्रीजरच्या आत एम-सीलचे ठिगळ दिसले, तर सावध व्हा. कोणीतरी सुरीने बर्फ खरवडला असेल आणि नळीला भोक पडले असेल. मग दाराच्या रबरात वहीचा कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला, तर दारातून गारवाही तसाच निघून जातो.

मागच्या पत्र्यावर वायूचे नाव लिहिलेले असते. आर-१२ हा वायू पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला घातक आहे. आमच्याकडे तो फ्रिज आला, त्याच वर्षी, म्हणजे १९८७ मध्ये, अशा पदार्थांचा वापर थांबवण्यासाठी मॉन्ट्रियल येथे करार झाला. म्हणून आर-१२चा फार जुना फ्रिज कोणी फुकट दिला, तरी घेऊ नका.

आता हिशेब. जुना फ्रिज ५,००० रुपयांना आणि तेवढाच नवा १५,००० रुपयांना मिळतो, असे धरू. जुना रोज २ युनिट वीज खातो आणि नवा अर्धा युनिट. रोजचा फरक दीड युनिटचा झाला. एका युनिटला ८ रुपये धरले, तर रोजचे १२ रुपये, महिन्याचे ३६० आणि वर्षाचे ४,३२० रुपये जास्त जातात. सुमारे अठ्ठावीस महिन्यांत वाचलेले १०,००० रुपये विजेच्या बिलात निघून गेले! अर्थात प्रत्येक जुना फ्रिज इतकी वीज खात नाही. चार-पाच वर्षे वापरलेला चांगला फ्रिज खरोखर पैसे वाचवतो. वर्षाला किती युनिट लागतात, ते ताऱ्यांच्या लेबलावर छापलेले असते. ही लेबले आपल्या देशात २००६ साली सुरू झाली. मात्र ताऱ्यांचे नियम काही वर्षांनी कडक होत जातात. दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आजचे पाच तारे नव्हेत. म्हणून तारे मोजू नका, युनिट वाचा.

पावतीवर दुकानाचे नाव, तारीख, किंमत आणि हमीची मुदत लिहून घ्या. फसवणूक झाली, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करता येते. हातात पावती असली, की तक्रारीला वजन येते.

आता चपलांची गोष्ट. ईदच्या चार दिवस आधी मामू आले. ते वायरमन होते. फ्रिजजवळची चपलांची जागा पाहून त्यांनी कारण विचारले आणि ऐकताच आधी प्लग काढून टाकला. प्लगला पिना तीन होत्या, पण आत तारा दोनच जोडलेल्या होत्या. तिसरी तार दुकानदाराने कापून टाकली होती.

मामूंनी मला जवळ बसवून समजावले. प्लगची जाड आणि लांब पिन अर्थिंगची असते. तिची तार फ्रिजच्या पत्र्याला जोडलेली असते. आत एखादी तार उघडी पडून पत्र्यात वीज उतरली, तर ती या तिसऱ्या तारेने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. ही तारच नसेल, तर वीज पत्र्यातच राहते आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढते. "चप्पल ओली असली तर?" मामूंनी विचारले. मला माझी धाकटी बहीण आठवली. ती वजू करून ओल्या, अनवाणी पायांनी थेट फ्रिजकडे धावत असे.

कॉम्प्रेसरजवळ एका तारेचे आवरण तडकले होते. मामूंनी ती तार बदलली आणि तीन तारांची नवी केबल बसवली. भिंतीतल्या सॉकेटलाही अर्थिंग नव्हते, तेही त्यांनी करून घेतले. मग टेस्टर पत्र्याला लावून आम्हा सर्वांना दाखवला. दिवा लागला नाही.

तो फ्रिज पुढे बरीच वर्षे चालला. अम्मी मात्र त्या ईदनंतरही कित्येक महिने पायात चप्पल घालूनच त्याचे दार उघडत असे.