मुद्रणस्वातंत्र्याचा अर्थ आणि तरवडीचा 'दीनमित्र'

मराठीतील मुद्रणस्वातंत्र्याची चर्चा बहुधा शासन आणि संपादक या दोन पक्षांपुरतीच केली जाते. १८३५ मध्ये मेटकाफने परवान्याची अट काढली, १८७८ मध्ये लिटनने देशी भाषांतील पत्रांवर निर्बंध लादले, १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, हा क्रम परिचित आहे. स्वातंत्र्य म्हणजे सरकारी हस्तक्षेपाचा अभाव, एवढाच अर्थ या मांडणीत गृहीत असतो. अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्याचा मुद्रणेतिहास पाहता तो अपुरा वाटतो.

'ज्ञानोदय' १८४२ मध्ये नगरहून निघाला, तेव्हा परवान्याची अट उरली नव्हती. मात्र पत्र अमेरिकन मराठी मिशनचे होते आणि त्यातील धर्मचर्चेच्या मर्यादा मिशनच्या हेतूने ठरत होत्या. पत्र कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न येथूनच सुरू होतो. जोतीराव फुल्यांच्या बाबतीत तो अधिक बोचरा झाला. 'शेतकऱ्याचा असूड'चे आरंभीचे दोन भाग छापून 'दीनबंधू'ने पुढील भाग छापण्याचे थांबविले. लिटनचा कायदा तोवर रद्द झाला होता. तरीही स्वपक्षाच्याच पत्राने हात आखडता घेतला.

त्याच 'दीनबंधू'चे संस्थापक कृष्णराव भालेकर यांचे पुत्र मुकुंदराव पाटील (१८८५–१९६७) यांनी १९१० मध्ये साप्ताहिक 'दीनमित्र' सुरू केला. नव्या छापखान्यांकडून अनामत मागण्याचा अधिकार देणारा मुद्रणविषयक कायदा त्याच वर्षीचा. अशा काळात एखादे पत्र पुण्या-मुंबईबाहेर, पुढे तर नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून अर्धशतकाहून अधिक काळ चालावे, ही घटना आपल्या वाङ्मयेतिहासात दोन ओळींत आटोपली जाते. 'दीनमित्र'चा रोख प्रामुख्याने सावकारशाही, भिक्षुकशाही आणि जातिव्यवस्था यांवर होता. त्यामुळे ब्राह्मणेतर पत्रे सरकारधार्जिणी होती, हा जुना आक्षेप त्यालाही चिकटतो. प्रस्तुत लेखकास तो एकांगी वाटतो. ज्याला गावात सावकारासमोर तोंड उघडता येत नाही, त्याच्या दृष्टीने सत्ता केवळ कलेक्टर कचेरीत नसते. छापखानाच खेड्यात नेल्याने कोणी लिहावे आणि कोणाविषयी लिहावे, हे ठरविण्याचा अधिकार शहरी सुशिक्षितांच्या हातून काही अंशी तरी निसटला.

संविधान सभेत २ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी, वृत्तपत्रांना व्यक्तीहून निराळे असे हक्क नाहीत, असे प्रतिपादन केले. अनुच्छेद १९ मध्ये वृत्तपत्रांचा स्वतंत्र उल्लेख नाही तो याच भूमिकेतून. हे विधान कायद्याच्या अंगानेच वाचले जाते. १९२० मध्ये 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने घेतली नाही, हे त्यांनीच नमूद केले आहे. ते जोडीला ठेवून हे भाषण पुन्हा वाचावयास हवे.